पुणे ते न्यू जर्सी: साडेबारा हजार किलोमीटरचे सोळा तास कसे होतात

पृथ्वीच्या गोलावर सरळ मोजलं तर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर भरतं. मोठं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला की चौदा तास येतात. तिकिटावर मात्र जाताना सोळा-साडेसोळा तास लिहिलेले असतात आणि येताना चौदा-सव्वाचौदा. पुण्यातल्या घराच्या दारापासून न्यू जर्सीच्या एडिसनमधल्या घराच्या दारापर्यंत धरलं तर अठ्ठावीस-एकोणतीस तास मोडतात. मधले तास कुठे जातात ते कळलं की तिकीट कुठलं घ्यायचं, झोपायचं कधी आणि गाडी किती वाजता बोलवायची हे तिन्ही प्रश्न बरेचसे सुटतात.

पुढचा हिशेब ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जाऊन नोव्हेंबरच्या अखेरीस परतणाऱ्या प्रवासाचा आहे. जाताना रात्री एकचं थेट विमान, परतताना सकाळी साडेअकराचं. वेळापत्रक हंगामागणिक पुढेमागे होतं, पण तासांचं गणित बदलत नाही.

तिकीट काढण्याचा दिवस

पहिला निर्णय थेट विमान की मध्ये थांबा. थांबा घेतला की लांबचा वळसा पडतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वळसा फारच थोडा असतो. मुंबई–लंडन ७,२०० आणि लंडन–न्यूयॉर्क ५,५४० मिळून १२,७४०. फ्रँकफुर्टमार्गे १२,७६० च्या आसपास. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०. म्हणजे सरळ रेषेपेक्षा जास्तीत जास्त चारशे किलोमीटर, अर्ध्या तासाचं उड्डाण. जास्तीचा वेळ खातो तो विमानतळावरचा मुक्काम, एक जादा उतरणं आणि एक जादा चढणं. दोन तासांचा थांबा असेल तर थेट विमानापेक्षा साधारण तीन-साडेतीन तास जास्त लागतात, सात तासांचा असेल तर आठ-नऊ.

दीड तासापेक्षा कमी थांबा घेऊ नये. पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की पुन्हा सुरक्षा तपासणी, टर्मिनल बदलणं आणि अमेरिकेच्या विमानासाठी दारापाशी होणारी वेगळी झडती यांत दुसरं विमान हातचं जातं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय विमान कंपनी करते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिल्याच्या उशिराशी दुसऱ्याला काही देणंघेणं नसतं आणि सामानही मध्येच काढून पुन्हा द्यावं लागतं. ज्येष्ठांना एकटं पाठवताना तर हे करूच नये.

लंडन किंवा फ्रँकफुर्टला नुसतं विमान बदलायचं असेल आणि पासपोर्टवर वैध अमेरिकी व्हिसा असेल, तर वेगळा ट्रान्झिट व्हिसा सहसा लागत नाही. मेख परतीच्या वाटेवर असते. परतीच्या तारखेआधी अमेरिकी व्हिसाची मुदत संपत असेल, तर ती सवलत परतताना मिळेलच असं नाही. अशांनी आखातमार्गे किंवा थेट यावं. अबू धाबीचा एक वेगळा फायदा आहे. अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी तिथंच उरकते आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर माणूस देशांतर्गत प्रवाशासारखा सरळ बाहेर पडतो. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरच्या रांगेत उभं राहणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला.

दुसरा निर्णय जेएफके की नेवार्क. मुंबईपासून दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, पण नेवार्कपासून एडिसन पंचवीस-तीस किलोमीटर आणि जेएफकेपासून पासष्टच्या घरात. जेएफकेहून येताना ब्रुकलिन, व्हेराझानो पूल आणि स्टेटन आयलंड ओलांडावं लागतं. कामाच्या दिवशी त्याला सव्वा तासही लागतो आणि अडीचही. न्यू जर्सीतच जायचं असेल आणि भाड्यात थोडाच फरक असेल, तर नेवार्क घ्यावं. इकडेही आता विमानतळ दोन झाले आहेत. नवी मुंबईचा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तेव्हा तिकिटावर बीओएम (जुना) लिहिलंय की एनएमआय (नवा), हे वाचूनच गाडीवाल्याला पत्ता द्यावा.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. तिकिटावर 'मंगळवार, ००:५५' लिहिलं असेल तर विमानतळावर पोचायचं असतं सोमवारी रात्री. मंगळवारी रात्री पोचणाऱ्याचं विमान चोवीस तासांपूर्वीच गेलेलं असतं. कॅलेंडरवर उड्डाणाची तारीख न लिहिता 'सोमवारी दुपारी चारला घर सोडणे' असं लिहून ठेवावं.

शनिवार-रविवार: बॅगा

एका बॅगेला बहुधा २३ किलोची मर्यादा असते. किती बॅगा चालतील ते तिकिटावर पाहावं, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये. लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. घरच्या काट्यावर २२ किलो भरलं की थांबावं, कारण घरचा आणि विमानतळाचा काटा अर्धा-पाऊण किलोनं सहज वेगळे पडतात.

मेतकूट, गोडा मसाला, हळद, भाजणी ही सगळी पिठं मोठ्या बॅगेत टाकावीत. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या सामानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली तर वेगळी तपासणी होते आणि ती काढून घेतली जाऊ शकते. लोणचं, तूप, चटणीचं तेल हे सुरक्षा तपासणीच्या दृष्टीनं द्रव पदार्थ, म्हणजे हातात शंभर मिलिलिटरच्या वर नाही. सुकं खोबरं नेऊच नये. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं आणि मुंबईतच बॅग उघडायला लावतात. ताजा कढीपत्ता अमेरिकेत चालत नाही. त्यावर येणारी एक कीड तिथल्या संत्र्या-लिंबांच्या बागांचा रोग पसरवते. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ घरीच ठेवावेत. चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू यांना सहसा कुणी अडवत नाही, पण विचारलं की 'हो, खाण्याचं आहे' असं सांगावं. वस्तू काढून घेतली तर नुकसान शे-दोनशे रुपयांचं. लपवलेली सापडली तर दंड.

पॉवर बँक फक्त हातातल्या पिशवीत, तीही १०० वॉट-तासांच्या आतली. २०,००० एमएएचची ७४ वॉट-तासांची होते, ती चालते. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि निम्मी नाही, सगळीच हातात. इन्सुलिन घेणाऱ्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: 'माझा एक दिवस साडेतेहतीस तासांचा होणार आहे, डोस कसे घेऊ?' पश्चिमेला जाताना दिवस खरोखरच तेवढा लांबतो.

शाकाहारी, जैन किंवा मधुमेहींचं जेवण निदान चोवीस तास आधी नोंदवावं लागतं. व्हीलचेअर हवी असेल तर तीही आधीच. ऐनवेळी मागितली तर मिळते, पण तासभर वाट पाहून.

सोमवार: पुणे ते मुंबई, दीडशे किलोमीटर

साऱ्या प्रवासात सगळ्यात बेभरवशाचा टप्पा हाच. स्वारगेटपासून टर्मिनल दोनपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर, त्यात द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेतीन तास. बोरघाटात एखादा ट्रेलर आडवा झाला किंवा दुरुस्तीसाठी वाहतूक थांबवली तर पाच-सहा. घाटातल्या खोळंब्यातून मागे फिरता येत नाही, म्हणून राखीव वेळ पुण्यातून निघतानाच धरायचा. घाट उतरल्यावरही सुटका नाही, कारण पनवेलपासून पुढे वाशी, मानखुर्द, चेंबूर, कुर्ला हा पट्टा संध्याकाळी सहा ते नऊ तुंबलेला असतो.

रात्री एकच्या विमानासाठी दुपारी चारला निघावं. साडेआठपर्यंत पोचणं होतं. अमेरिकेच्या विमानाचे काउंटर बहुधा चार तास आधी उघडतात आणि तासभर आधी बंद होतात. नऊला रांगेत उभं राहिलं की साडेनऊ-पावणेदहाला सामान जातं. काउंटरवर व्हिसा तपासतात, तिकडचा पत्ता विचारतात. तो फोनमध्ये असून भागत नाही, कारण फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते. एका चिठ्ठीवर पत्ता, पिनकोड आणि तिकडच्या माणसाचा नंबर लिहून ती पासपोर्टात ठेवावी.

भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड असणाऱ्यांसाठी मुंबईत जलद इमिग्रेशनची दारं जानेवारी २०२५ पासून सुरू आहेत. त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. वरचेवर जाणाऱ्यांना ती फायद्याची, वर्षातून एकदा जाणाऱ्यांचं साध्या रांगेतही भागतं.

शेवटची झडती विमानाच्या दारापाशी. हातातली पिशवी उघडतात, बूट काढायला लावतात. आत शिरण्याची वेळ तिकिटावर उड्डाणाच्या तासभर आधीची असते ती यासाठी.

मंगळवार: रात्री एक ते सकाळी साडेसात

शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडलं तर रेषा इजिप्त, लीबिया, मोरोक्को असं करत जाते. गोलावर दोरा ताणला तर तो निराळाच जातो. सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, स्वीडन, मग फेरो बेटांच्या थोडं उत्तरेला ६४-६५ अंशांवर, म्हणजे रेक्याविकच्याही किंचित वर. तिथून खाली वळून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ चाटून लॅब्राडोर आणि न्यूयॉर्क. १२,५५० किलोमीटर आहे ते या दोऱ्याचं माप.

पण या दोऱ्यावरून उडता येतंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. इराण आणि इराकचं कधी उघडं, कधी मिटलेलं. तेव्हा भारतीय विमान मुंबईहून आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर निघतं, ओमानवरून आखातात शिरतं, तुर्कस्तान, मध्य युरोप, आयर्लंड असं करत अटलांटिकवर येतं. मस्कत आणि इस्तंबूल या दोन खुणा धरून मोजलं तर अंतर १३,००० किलोमीटरच्या आसपास येतं. एवढ्या सगळ्या राजकारणाची किंमत किलोमीटरांत मोजली तर साडेचारशे! अर्धा तास. आकाश आणखी बंद झालं आणि सौदी-इजिप्तवरून जावं लागलं तर त्यात थोडी भर पडते. उत्तर भारतातून निघणाऱ्यांना हा वळसा जास्त महाग पडतो, कारण त्यांना आधी दक्षिणेला उतरून मग पश्चिमेला वळावं लागतं. २०२५ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं.

मग उरलेला दीड तास कुणाचा? निम्मा वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते, आणि हिवाळ्यात तिच्या गाभ्यात वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. सगळ्या वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आहे असं धरलं, तर जमिनीच्या हिशेबानं विमान ताशी ८५० नं सरकतं आणि १३,००० किलोमीटरना सव्वापंधरा तास लागतात. तोच वारा पाठीवर घेऊन परतताना ९५० चा वेग मिळतो आणि पावणेचौदा तास पुरतात. अंतर तेच, वाट तीच, फरक दीड तासाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्या मार्गाला साडेसहा-सात तास लागतात. त्या रात्री उलट दिशेनं जाणाऱ्यांना तोच वारा अंगावर घ्यावा लागला.

उरलेला अर्धा-पाऊण तास जमिनीवरचा. तिकिटावरची वेळ विमान दारापासून मागे सरकल्यापासून पलीकडच्या दाराला लागेपर्यंतची असते, आणि तिला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत धावपट्टीच्या रांगेत वीस मिनिटं, जेएफकेला उतरल्यावर दार रिकामं होईपर्यंत आणखी पंधरा-वीस. कंपन्या हा वेळ हात सैल सोडून धरतात, म्हणूनच पाऊण तास उशिरा उडालेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

निघताना लांब पल्ल्याचं बोइंग ७७७ साडेतीनशे टनांच्या घरात असतं, आणि त्यातलं एक तृतीयांशाहून जास्त वजन इंधनाचंच. एवढ्या वजनाला सुरुवातीला उंची झेपत नाही. तीस-बत्तीस हजार फुटांवर सुरुवात होते, इंधन जळत जातं तसं विमान दोन-दोन हजार फुटांच्या पायऱ्या चढत अडतीस हजारांपर्यंत पोचतं. उष्ण हवा विरळ असते आणि पंखांना उचल कमी मिळते, तेव्हा रात्री निघणं अशा जड विमानाला सोयीचं. वारा फारच उलटा असेल त्या दिवशी जास्त इंधन घ्यावं लागतं आणि तेवढ्या वजनाचा माल मागे ठेवतात. एखादी बॅग दुसऱ्या दिवशी येते ती कधीकधी याच हिशेबात सापडलेली असते. एक जोडी कपडे आणि औषधं हातात ठेवायची ती यासाठी.

तासांच्या खुणा साधारण अशा पडतात. तिसऱ्या तासाला ओमान ओलांडलेलं, सहाव्याला तुर्कस्तानचा पश्चिम भाग, साडेनऊच्या सुमाराला आयर्लंडचा किनारा. पुढे पावणेचार तास पाणीच पाणी. अटलांटिकवर रडारचा पल्ला पोचत नाही अशा पट्ट्यात आयर्लंड-स्कॉटलंडकडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही दोन केंद्रं वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा हवाई वाटा आखतात. रात्री त्या युरोपकडे येणाऱ्यांच्या सोयीनं आखलेल्या असतात. मुंबईहून येणारं विमान नेमकं त्याच वेळी उलट्या दिशेनं चाललेलं असतं, तेव्हा त्याला बहुधा बाजूची वाट देतात. तेराव्या तासाला न्यूफाउंडलंड, पंधराव्याच्या पुढे उतरणीला सुरुवात.

या दिवसांत खिडकीतून काहीच दिसत नाही, कारण सारा प्रवास अंधारातून होतो. मुंबईत सूर्य सव्वासहाला मावळलेला. विमान सूर्याच्याच दिशेनं पळत राहतं, आणि पहिला उजेड दिसतो तो थेट शेवटच्या तासाभरात, अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ. मुंबईच्या घड्याळात तेव्हा दुपारचे चार वाजून गेलेले असतात. बावीस तासांची रात्र झाली. जून-जुलैत असं होत नाही, उत्तर अटलांटिकवरच पहाट फुटते.

झोपेचा डाव इथंच साधतो किंवा फसतो. मुंबईत रात्रीचा एक वाजलाय म्हणून बहुतेक जण जेवण झाल्याबरोबर आडवे होतात आणि सातव्या तासाला टक्क जागे. न्यूयॉर्कच्या घड्याळात मात्र विमान सुटतं तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. तिथली रात्र सुरू होते ती सातव्या-आठव्या तासाला, युरोप आल्यावर. म्हणून पहिली झोप दोन-तीन तासांतच आटोपती घ्यावी, मग उठून फेऱ्या माराव्यात, काही पाहावं आणि खरी झोप आयर्लंड ते न्यूफाउंडलंड या पट्ट्यात काढावी. त्यासाठी दुसरं जेवण झोपेतून उठवून देऊ नका, असं आधीच सांगून ठेवावं.

विमानातली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराएवढी विरळ आणि फार कोरडी, ओलावा दहा-वीस टक्के. पोट फुगतं, पाय सुजतात, ओठ फुटतात. दर दोन तासांनी उठून चालणं, बसल्या बसल्या पावलं वरखाली करणं, पाणी थोडं थोडं पण सतत पिणं. पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा त्रास आधी झाला असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घालावेत. राजमा, छोले आणि सोडा या त्रिकुटापासून तरी दूर राहावं.

१९६० साली एअर इंडियानं बोइंग ७०७ वर न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तेव्हा विमान लंडनला थांबून जात असे. उतरून पाय मोकळे करायची ती सोय थेट उड्डाणात गेली.

मंगळवारच, सकाळी साडेसातपासून

तारीख तीच राहते. रात्री एकला निघालेला माणूस सकाळी साडेसातला उतरतो, कागदावर साडेसहा तास. त्यात साडेनऊ तासांचा फरक मिळवला की सोळा होतात.

इमिग्रेशनला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीही लागू शकतं. आखात आणि युरोपातून आलेली विमानं एकाच वेळी रिकामी झाली की रांग फुगते. प्रश्न तीन-चारच: कशासाठी आलात, कुणाकडे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. 'मुलीकडे, सहा आठवडे' एवढं उत्तर पुरतं. बोटांचे ठसे, फोटो, आणि राहण्याची मुदत ठरते. ती व्हिसाच्या मुदतीपेक्षा वेगळी असते. घरी पोचल्यावर कस्टम्स खात्याच्या संकेतस्थळावर आय-९४, म्हणजे देशात आल्याची नोंद, काढून तारीख आणि नावाचं स्पेलिंग पाहून घ्यावं.

पुढे विमान बदलून डॅलस किंवा शिकागोला जाणाऱ्यांनीही बॅगा इथंच उचलायच्या, कस्टम्समधून न्यायच्या आणि पलीकडे पुन्हा द्यायच्या. मुंबईत बॅगेवर डॅलसचा टॅग लागला म्हणून पट्ट्याकडे न बघता निघून जाणारे बरेच असतात.

जेएफकेहून एअरट्रेननं जमैका स्टेशन, तिथून लाँग आयलंड रेल्वेनं पेन स्टेशन आणि पुढे एनजे ट्रान्झिटनं एडिसन असं जाता येतं, पण दोन मोठ्या बॅगा घेऊन तीन गाड्या बदलणं म्हणजे हाल. त्यापेक्षा गाडी बरी. गाडीवाल्याला विमान टेकल्यावर नाही, बॅगा हातात आल्यावर बोलवावं. अकराच्या सुमाराला घर.

बुधवार ते रविवार

शरीराचं घड्याळ दिवसाला तासभर, फार तर दीड तास सरकतं. साडेनऊ तासांचं अंतर म्हणजे पूर्ण आठवडा. पहिल्या दोन रात्री अडीच-तीनला जाग येते आणि भूक लागते. तेव्हा थोडं दूध किंवा पोहे खाऊन अंधारातच पडून राहावं, फोन लावून पुण्याच्या गप्पा सुरू करू नयेत. दुपारी तीननंतरची डुलकी अर्ध्या तासाच्या वर गेली की ती रात्र गेलीच म्हणून समजा. संध्याकाळी चार ते सहा उन्हात चालावं. संध्याकाळचा उजेड झोप पुढे ढकलतो, आणि पश्चिमेला आलेल्याला तेच हवं असतं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार

रात्री दोनला अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. पुण्याशी फरक साडेनऊचा साडेदहा तास होतो. पुण्याचा रोजचा सकाळचा नऊचा फोन आदल्या रात्री साडेअकराला यायचा, तो आता साडेदहाला येतो. परतीच्या तिकिटावरच्या वेळा नव्या घड्याळाच्याच असतात, त्यात काही मिळवू-वजा करू नये.

परतीचा शनिवार आणि रविवार

सकाळी सहाला एडिसन सोडलं की आठला जेएफके. साडेअकराला विमान. ते निघतं तेव्हा पुण्यात रात्रीचे दहा. तीन तासांतच अटलांटिकवर सूर्य मावळतो आणि जेमतेम साडेसात तासांनी इराकच्या आसपास पुन्हा उगवतो. एवढीच रात्र. तिच्यात झोप काढली तर काढली. खिडकीची झापड सूर्यास्ताआधीच ओढावी आणि पहिलं जेवण झाल्याबरोबर झोपावं, जाताना करू नये म्हटलं नेमकं तेच.

रविवारी दुपारी सव्वाबाराला मुंबई. तिकिटावर पावणेपंचवीस तासांचं अंतर दिसतं, त्यातून साडेदहा वजा केले की सव्वाचौदा. पूर्वेला आल्यावर शरीराला घड्याळ पुढे ओढावं लागतं. ते त्याला जास्त जड जातं, म्हणून परतल्यावरचा आठवडा तिकडच्या पहिल्या आठवड्यापेक्षा कठीण. पहिल्या तीन दिवसांत स्वतः गाडी चालवू नये आणि बँकेची महत्त्वाची कामं काढू नयेत.

बॅगा घेऊन दीड-दोनला बाहेर. रविवारी संध्याकाळची द्रुतगती मार्गावरची गर्दी लोणावळ्याहून मुंबईकडे येणाऱ्यांची असते, त्यामुळे दुपारी पुण्याकडे निघालेल्याला घाट बहुधा मोकळा मिळतो आणि सहापर्यंत घर गाठता येतं. शनिवारी सकाळी उतरणारं तिकीट असेल तर गंमत उलटी होते, मुंबईकर सुट्टीला निघालेले असतात आणि खालापूरच्या टोलपासून रांग लागते. परतीची तारीख निवडायला वाव असेल तर रविवार दुपार किंवा आठवड्यातला मधला दिवस धरावा.